अंगचंच ठिगळ

लाँड्रीतली यंत्रं सुरू झाली की तिथे शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नसे. एका बाईचं मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू येई, म्हणून तिचं नाव पडलं तोफ. तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत, पाठीमागे तोफ. तिला दोन्ही माहीत होतं आणि दुसरंच जास्त आवडायचं.

ही लाँड्री एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात होती. वरच्या सहा मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, पडदे, ऑपरेशन थिएटरातले हिरवे कपडे गाठोडी बांधून खाली येत आणि उकळत्या पाण्यातून, पिळणीतून, इस्त्रीच्या रुळांमधून फिरून परत वर जात. तोफ सव्वीस वर्षं धुण्याच्या यंत्रांवर होती. कोरडी चादर कुणीही उचलतं, ती म्हणायची, ओली उचलून दाखवा. यंत्राचं दार उघडायचं, आतला ओला गुंता दोन्ही हातांनी ओढायचा, छातीशी धरायचा आणि पिळणीत लोटायचा. हे दिवसातून साठ-सत्तर वेळा. तिच्याबरोबर लागलेल्या बायकांपैकी कुणाचा खांदा गेला, कुणाची पाठ, एकेक करून सगळ्यांनी हलकं काम मागून घेतलं. तोफ मात्र जागची हलली नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या आतड्याला पीळ पडला. सकाळी कामावर असतानाच पोटात कळ आली आणि दुपारी ती वरच्या मजल्यावर टेबलावर होती. बेंबीच्या वर चार बोटांपासून खाली ओटीपोटापर्यंत उभं चिरून डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला. तीन महिने काही उचलू नका, असं घरी जाताना कागदावर लिहून दिलं होतं. तिने तो कागद नवऱ्याच्या हातात ठेवला आणि सातव्या आठवड्यात यंत्राचं दार उघडलं. पुढे जे झालं त्यात आपलाही वाटा आहे हे तिने कधी नाकारलं नाही. "माझी अक्कल तेव्हा गहाण होती," असं ती स्वतःच सांगायची.

वर्षभरात टाक्यांच्या रेघेवर लिंबाएवढा फुगवटा आला. पोटाची भिंत आतून उसवली होती आणि त्या फटीतून आतडं कातडीखाली डोकावत होतं. हर्निया. सर्जरी विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळं हॉस्पिटल मोठे डॉक्टर म्हणायचं, त्यांनी तिथे जाळी बसवली. प्लास्टिकच्या धाग्याची, बारीक छिद्रांची जाळी. बहुतेकांना ती जन्मभर लाभते, आत काही आहे याचा विसरही पडतो. तोफेला ती लाभली नाही. आठ महिन्यांनी जखमेच्या खालच्या टोकाला पाणी येऊ लागलं, मग पू. पुढे चौदा महिने रोज ड्रेसिंग, औषधं बदलून बदलून. शेवटी तिसऱ्यांदा टेबलावर घेऊन जाळी काढावी लागली, आणि तिला घट्ट चिकटलेलं थोडं अंगचं मांसही तिच्याबरोबर गेलं. मागे उरलं ते भगदाड. तिचे दोन्ही पंजे शेजारी ठेवले तर जेमतेम झाकेल एवढं.

आता ती उभी राहिली की कपड्यांखालून पोट पुढे येई, आणि खोकली की हलताना दिसे. रुंद पट्टा आवळून ती फिरायची. एकदा बसमध्ये एक तरुण मुलगी गडबडीने उठली आणि म्हणाली, "बसा ना, अशा अवस्थेत उभ्या राहू नका."

तोफ बसली. सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बरं झालं बाई. चौथं वर्ष चालू आहे, अजून बाहेर यायचं नाव नाही."

बस हसली. तीही हसली. घरी येऊन मात्र तिने पट्टा सोडला आणि आरशासमोर उभी राहिली. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचा. बारीक कामाचा आणि त्याहून बारीक आवाजाचा माणूस. त्याने चहा आणून ठेवला आणि तो तसाच गार झालेला पाहून मुकाट्याने उचलून नेला.

कामावर तिची यंत्रं काढून घेतली गेली. तिला एका स्टुलावर बसवून अभ्र्यांची तुटलेली बटणं लावायला दिली. लाँड्रीचे साहेब वाईट नव्हते, पण त्यांना कटकट नको होती. एक दिवस ते कागद घेऊन आले.

"मावशी, किती दिवस असं बसणार? वैद्यकीय निवृत्ती घ्या. सन्मानाने घरी जा. मीच सगळं भरून ठेवलंय, तुम्ही फक्त सही करा."

"साहेब, माझ्या नावाचा कागद तुम्ही भरलात?"

"तुमच्या भल्यासाठीच."

"मग सहीपण तुम्हीच करा," तोफ म्हणाली, "आणि घरीपण तुम्हीच जा."

साहेब रागावले. सही नाही केली तर मेडिकल बोर्डापुढे जावं लागेल, म्हणाले. तिने सुईत दोरा ओवता ओवता मान हलवली. बोर्ड तर बोर्ड.

पण नुसत्या तोंडपाटीलकीने भगदाड बुजत नाही, हे तिला कळत होतं. ती परत मोठ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तपासलं, फिल्म उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "सध्या पट्टा वापरा. वर्षभराने, जंतूंचा काही मागमूस नसेल तर, नवीन प्रकारची जाळी घालू."

"जाळी नको."

"अहो, जाळी हाच आजचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. हजारो लोकांना बसवतो आम्ही. एकदा तुमच्या बाबतीत बिघडलं म्हणून..."

"बिघडलं ते माझ्या पोटात बिघडलं, हजारोंच्या नाही. चौदा महिने मी पू धुतलाय डॉक्टर. परकी वस्तू आता माझ्या अंगात जाणार नाही. दुसरं काय आहे ते सांगा."

"तुमच्यासाठी दुसरं काही मी सुचवणार नाही," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की ते घड्याळाकडे पाहायचे. तोफ उठली. दारात थांबून तिने विचारलं, "तुम्ही सुचवणार नाही, की दुसरं काही नाहीच?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. तिने तेच उत्तर धरलं.

आता हॉस्पिटलात कोण डॉक्टर कसा हे पेशंटला कळायला मार्ग नसतो. पाट्यांवर सगळ्यांच्याच नावापुढे भरपूर अक्षरं. तोफेकडे मात्र दुसरी वाट होती. सव्वीस वर्षं थिएटरांची गाठोडी तिच्याच हातांखालून गेली होती. कुठल्या थिएटरातून चादरी ओल्याचिंब रक्ताने येतात, कुठल्या गाठोड्यात विसरलेल्या कात्र्या नि चिमटे निघतात, हे तिला तोंडपाठ होतं. एका चिमट्याने तर यंत्राचं दार दोन दिवस जाम करून ठेवलं होतं. आणि तीन नंबरच्या थिएटरातलं गुरुवारचं गाठोडं उघडताना बायका म्हणायच्या, हे आधीच धुतलेलं दिसतंय. चादरी घडीवर घडी, रक्ताचे डाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि आजवर एकदाही त्यातून काही खणखणलं नव्हतं. तिने वरच्या वॉर्डबॉयला विचारलं, गुरुवारी तीन नंबरला कोण असतं?

"ती डावखुरी डॉक्टरीण," तो म्हणाला. "हळू काम करते. भूलवाले वैतागतात तिच्यावर."

तोफ ओपीडीत नंबर लावून तिच्यापुढे जाऊन बसली. पस्तिशी-चाळिशीची, किरकोळ अंगाची बाई, डाव्या हातात पेन. जुने कागद तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. खरोखर वाचले. मग विचारलं, "माझ्याकडे कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मी तुमच्या चादरी धुते."

डॉक्टरीण बुचकळ्यात पडली. तोफेने सगळं सांगितलं तेव्हा तिला हसू आवरेना, आणि हसता हसता तिचे कान लाल झाले. एवढी वाहवा तिची वरच्या सहा मजल्यांवर कुणी केली नव्हती.

तपासून झाल्यावर तिने एका फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. "पोटाच्या मध्यावर दोन उभे स्नायू असतात, दाराच्या दोन फळ्यांसारखे. तुमच्या त्या फळ्या दोन बाजूंना सरकल्यात आणि मधे दार उघडंच राहिलंय. कडेला पोटाच्या भिंतीचे तीन थर आहेत, एकावर एक. त्यातला सगळ्यात बाहेरचा थर दोन्ही कुशींत उभा चिरून सैल केला, तर या फळ्या मध्याकडे ओढता येतात. मग त्या एकमेकींना शिवायच्या. आणि शिवणीला जोर यावा म्हणून तुमच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूचा एक पट्टा घ्यायचा. तिथे स्नायूंवर पांढरं, चिवट आवरण असतं. ते काढलं तरी माणूस चालतो."

"म्हणजे माझंच कापड, माझंच ठिगळ."

"तसं म्हणा."

"मग हे सगळ्यांनाच का करत नाहीत?"

"कारण हे अवघड आहे, वेळ खातं, आणि जाळीपेक्षा हे परत उसवायची शक्यता जास्त. तुमच्यासारख्या पोटात पाचातल्या एकाला परत होतं. तुमच्या पोटात आधी जंतू होते म्हणून मी याचा विचार तरी करतेय. नाहीतर मीही जाळीच म्हणाले असते." डॉक्टरीण कागद सरकवत म्हणाली, "आणि आज तर मी हेही करणार नाही. तुमची साखर वाढलेली आहे. वजन बारा किलो जास्त आहे. खोकला आहे. एवढं सगळं बाहेर आलेलं आतडं परत आत बसवलं की ते छातीला खालून दाबणार. तेव्हा फुफ्फुसं दणकट नसतील तर तुम्ही टेबलावरच अडकाल. सहा महिने घ्या. साखर, वजन, खोकला. जमलं तर या, नाही जमलं तर येऊ नका."

लोकांना तोफ ओरडेल असं वाटलं असतं. ती म्हणाली, "तारीख लिहून द्या."

ते सहा महिने तिने लढाई लढावी तसे काढले. चहातली साखर गेली, मग चहाच गेला. लाँड्री ते सहावा मजला, रोज जेवणाच्या सुट्टीत जिने, पहिल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत बसायची, येणारे-जाणारे वळून बघायचे, ती त्यांना म्हणायची, "बघता काय, हात द्या." श्वासाचं ते यंत्र असतं ना, तीन नळ्या नि तीन गोळ्या, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या, ते घेऊन ती सकाळ-संध्याकाळ बसायची. नवरा समोर बसून मोजायचा. दुसरी गोळी तिला महिनाभर दाद देईना. ज्या दिवशी तिसरी वर गेली आणि तीन सेकंद टिकली, त्या दिवशी तो बारीक आवाजाचा माणूस एवढ्या मोठ्याने "वा!" म्हणाला की शेजारीण काय झालं विचारायला आली. स्वयंपाकही आता तोच करायचा. भिंगं घासणारा माणूस भाजी चिरतो तेव्हा जेवायला दुपार उलटते, पण फोडी मात्र एका मापाच्या असतात.

विरोध आला तो लेकीकडून. ती शाळेत गणित शिकवायची, वेगळी राहायची आणि दर रविवारी यायची. नणंदेचं, शेजारणीचं 'आता या वयात कशाला' तोफेने एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं होतं. लेकीचं तसं सोडता येईना.

"पाचातला एक म्हणजे वीस टक्के, आई. वीस टक्के लोकांचं सगळं फुकट. आणि ते फक्त परत होण्याचं. भूल, रक्त, फुफ्फुसं, त्याचे आकडे तुला कुणी सांगितलेच नाहीत."

"सांगितले. तुझ्या बाबांनी लिहून घेतलेत."

"मग? पट्टा लावून जगता येतं की! लोक जगतात."

"जगतात ना. मीही दोन वर्षं जगले. वाकून बूट घालता येत नाही, तुझे बाबा घालतात. हसले की धरून हसायचं, शिंकले की धरून शिंकायचं. पोटात ठेवण्यासारखं काही राहिलंच नाही, सगळं बाहेर."

लेक हसली नाही. "तुला गंमत सुचते. मी तीनदा बसलेय त्या दाराबाहेर. तीनदा. तू आत झोपलेली असतेस, तुला काय कळतं? त्या बाकावर बसून मी एकदा वॉर्डातल्या घड्याळाचे ठोके मोजले, माहितीये? आता चौथ्यांदा मी बसणार नाही. तुला करायचं तर कर, पण मी येणार नाही."

लेकीचा हात धरावा असं तोफेला वाटलं, पण या घरात बायका चटकन हात धरत नसत. ती म्हणाली, आणि तिचा आवाज नवऱ्याच्या आवाजाएवढाच झाला होता, "नको येऊस. तू न आलीस तर मी तुला बोल लावणार नाही. पण मला अडवू नकोस. तुझ्या आईचं जे काही उरलंय ना, ते स्टुलावर बसून संपवायचं नाहीये मला."

लेक त्या रविवारी जेवण न करता गेली.

ऑपरेशनच्या तारखेच्या नऊ दिवस आधी बोर्डाचं पत्र आलं. एका लांबट टेबलामागे तिघे बसले होते. मधले चष्मेवाले अध्यक्ष. साहेबही कडेला खुर्ची घेऊन होते. अध्यक्षांनी फाईल चाळली. "पोटाच्या भिंतीत मोठा दोष. जड काम अशक्य. निवृत्तीची शिफारस. आपलं काही म्हणणं?"

"आहे," तोफ म्हणाली. तिने पिशवीतून सेवानियमांचं पुस्तक काढलं. नवऱ्याने दुकानातलं भिंग लावून दोन आठवडे ते वाचलं होतं आणि एका पानावर खूण घातली होती. "सत्तावीस नंबर वाचा. ज्याचा इलाज चालू आहे आणि ज्याची आजारपणाची रजा शिल्लक आहे, त्याचा निकाल रजा संपेपर्यंत लावायचा नाही. माझी एकशे ऐंशी दिवसांची रजा शिल्लक आहे. ऑपरेशनची तारीख ही."

अध्यक्षांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं करून कव्हर पाहिलं, परत पान वाचलं. "सव्वीस वर्षांत एवढी रजा शिल्लक?"

"घेतली असती तर हे पोट असं झालं नसतं. तेव्हा घेतली नाही, ती चूक झाली. आता घेणार."

साहेब म्हणाले, "मावशी, यातून काही निष्पन्न झालं नाही तर?"

"तर एकशे एक्क्याऐंशीव्या दिवशी तुमचा कागद आणा. मी तो स्वतः भरेन. तुम्ही भरायचा नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. निकाल पुढे ढकलला गेला.

ऑपरेशनच्या सकाळी नवरा आणि ती रिक्षातून उतरले तेव्हा हॉस्पिटलच्या दारात लेक उभी होती. हातात वह्यांचा गठ्ठा. "तपासायच्या राहिल्यात," ती म्हणाली. "कुठेतरी बसून तपासायच्याच आहेत." तोफेने तिच्या पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच, आणि आत गेली.

सात तास लागले. डावखुऱ्या डॉक्टरीणबाईने सावकाश, एकेक थर सुटा केला. जुन्या टाक्यांत अडकलेलं आतडं सोडवण्यातच तीन तास गेले. मग दोन्ही कुशींतले थर सैल केले, आणि फळ्या जवळ आल्या. खाली सहज, बेंबीपाशी ओढून, कुरकुरत. डाव्या मांडीतून वीतभर लांबीचा पांढरा पट्टा काढून तो शिवणीवर बसवला. बाहेर बाकावर लेकीने चाळीस वह्या तपासल्या. नंतर शाळेत मुलांनी तक्रार केली की यंदा बाईंनी चुकलेल्या गणितांनाही मार्क दिलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घशातली नळी काढली. तोफेचा पहिला शब्द घोगरा निघाला. "मांडी."

"काय म्हणतेय?" नवऱ्याने नर्सला विचारलं.

"मांडी दुखतेय म्हणतात."

"पोटाची लढाई," तोफ पुटपुटली, "आणि मार खाल्ला मांडीने."

पुढचे दिवस सोपे नव्हते, आणि ते सोपे होते असं तिने कधी कुणाला सांगितलं नाही. पोट असं ताणलेलं की तिला सरळ झोपता येईना. गुडघे वर घेऊन, कमरेत वाकूनच पडावं लागे. दोन्ही बाजूंनी नळ्या लोंबत. चौथ्या दिवशी खोकला आला तेव्हा तिने उशी पोटाशी कवटाळली, डोळे मिटले आणि आता फाटणार अशी तयारी केली. फाटलं नाही.

दहाव्या दिवशी मात्र जखमेच्या मधोमध कातडीची कड काळी पडलेली दिसली, आणि पट्टी ओली आली. तोफेने ती ओली पट्टी पाहिली. हा वास, हा ओलावा चौदा महिने तिच्या घरात राहून गेला होता. ती नवऱ्याला म्हणाली, "साहेबांना कागद पाठवून द्यायला सांगा."

तो उठला नाही. "मॅडम येऊ देत," एवढंच म्हणाला.

डॉक्टरीण आली. तिने हातमोजे घातले, काळी कड कापली, बोटाने आत दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तोफ छताकडे बघत होती.

"ही कातडी आहे," डॉक्टरीण म्हणाली. "ओढून आणली होती, तिला रक्त कमी पडलं. वरवरची आहे. खालची शिवण पक्की आहे."

"खोटं नका सांगू मला."

"मी तुम्हाला आजवर एक तरी गोड गोष्ट सांगितलीय का?"

तोफेने विचार केला. नव्हती सांगितली. "बरं," ती म्हणाली, आणि मग सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात, "अहो, तो कागद राहू द्या!"

वरची जखम भरायला सहा आठवडे लागले. या खेपेला तिने वाट पाहिली. पाच महिने तिने भरलेली बादलीसुद्धा उचलली नाही. शेजारणीचं बाळ मांडीवर घ्यायचं तरी ते कुणीतरी आणून ठेवायचं. नवऱ्याला तिचा हा शहाणपणा पाहून चिंता वाटू लागली होती.

एकशे अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी ती तळघरात उतरली. कपड्यांखाली पोट होतं, पन्नाशीतल्या बाईमाणसाचं असतं तसं, पण त्यात काही हलत नव्हतं. डॉक्टरीणबाईने लिहून दिलं होतं: काम करू शकतात; दहा किलोच्या वर काहीही उचलू नये, कायमचं.

"म्हणजे यंत्रांवर नाही," साहेब म्हणाले. "मग स्टूल आहेच."

"स्टूल नाही. इस्त्रीच्या रुळांवर. तिथे चादर धरून सरळ आत घालायची असते, उचलायची नसते. तिथली बाई गेल्याच आठवड्यात निवृत्त झालीय, मला ठाऊक आहे."

"बरं," साहेबांनी सुस्कारा सोडला. त्यांना वाटलं, संपलं.

तोफेला मात्र रुळांपाशी उभं राहून धुण्याची यंत्रं समोरच दिसत होती. तिथे आता पंचविशीतली एक बाई लागली होती. नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून आलेली. ती दार उघडायची, ओला गुंता छातीशी धरायची, दात आवळून ओढायची. तोफेने तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी तिने रूळ बंद केले. वाफ फुसकन सुटली आणि लाँड्रीतलं अर्धं काम थांबलं.

"काय झालं?" साहेब धावत आले.

"एकटीने ओलं काढायचं नाही. दोघींनी काढायचं, आणि पिळणीपर्यंत ट्रॉली लावायची. तळाला स्प्रिंग असलेली, भार कमी झाला की तळ वर येतो ती. वरच्या भांडारात चार पडून आहेत, औषधांचे रिकामे खोके भरून ठेवलेत त्यांत."

"मावशी, सव्वीस वर्षं तुम्ही एकटीनेच काढलंत ना?"

"काढलं. आणि काय झालं ते बोर्डाच्या फायलीत आहे. तुम्हाला हवं तर मी कपडे वर करून दाखवते."

साहेबांना नको होतं. ट्रॉल्या खाली यायला तीन आठवडे लागले, अर्ज तीनदा लिहावा लागला, आणि या तीन आठवड्यांत तोफेचे रूळ रोज ठरावीक वेळेला 'बिघडत' राहिले. यंत्रदुरुस्तीवाल्याने दोनदा येऊन पाहिलं, त्याला काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो फक्त चहा पिऊन गेला. चार ट्रॉल्या आल्या, त्यातली एक मोडकी निघाली. तिच्यावरून वेगळं भांडण झालं, ते अजून चालू आहे.

आता ती वर्षातून दोनदा डॉक्टरीणबाईकडे जाते. टेबलावर आडवी होते. डॉक्टरीण डावा पंजा तिच्या पोटावर ठेवून म्हणते, "खोका." तोफ खोकते. "पुन्हा." पुन्हा खोकते. यंदा तिसरं वर्ष. गेल्या खेपेला वरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी जागा जराशी मऊ लागली. डॉक्टरीणबाईने ते लपवलं नाही. बघत राहू म्हणाली.

"बघा," तोफ म्हणाली. "मीपण बघते."

बाहेर बाकावर एक धिप्पाड माणूस बसला होता. बेकरीत पिठाची पोती उचलणारा. दोनदा जाळी काढलेली, पोटावर हात ठेवून जमिनीकडे बघत होता. डॉक्टरीणबाईने तोफेला विचारलं होतं, याच्याशी जरा बोलाल का?

ती त्याच्या शेजारी बसली, आपलंही हेच ऑपरेशन झालंय म्हणाली. "दुखतं का फार?" त्याने विचारलं.

"दुखतं. मांडी तर पोटापेक्षा जास्त दुखते. चार महिने लंगडले मी."

तो आणखी खाली बघू लागला. "माझी बायको म्हणते, पट्टा लावून घरी बस."

"तुला बसायचंय?"

त्याने मान हलवली, नाही म्हणून.

"मग वही काढ," तोफ म्हणाली. "आधी खायचं काय सोडायचं ते लिही. आणि उद्यापासून जिने. मी साडेबाराला तळघराच्या दाराशी असते. उशीर केलास तर मी थांबणार नाही."